जहाजाच्या तळाचे पाणी

आंबागडापासून समुद्र पूर्वेला जा की पश्चिमेला, शेकडो मैल दूर आहे. आमच्या तालुक्यात अशी पुष्कळ वडीलधारी माणसे आहेत, की ज्यांनी जन्मात जहाज पाहिले नाही. अशा ठिकाणी वसंताच्या चार सायंकाळी जमून जहाजाच्या बुडाशी साचणाऱ्या पाण्याचा इतिहास ऐकायचा, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. म्हणून आमचे आणि त्या पाण्याचे नाते काय, हे आधी सांगितले पाहिजे.

आंबागडचा किल्ला देवगडच्या बख्त बुलंदाच्या अमदानीत, सन १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने बांधला. किल्ल्याचे राज्य केव्हाच संपले. परंतु त्या डोंगररांगेच्या पोटात जे होते त्याचे राज्य पुढे सुरू झाले. ते म्हणजे मँगनीज. १८९६ साली मध्यप्रांतातील हे खनिज शोधण्यासाठी इंग्रजी भांडवलाची मंडळी स्थापन झाली आणि चिखला, डोंगरी बुजुर्ग ही आमच्या तालुक्यातली गावे पोलादाच्या कारखानदारांच्या नकाशावर आली. हा काळा दगड तुमसरला आगगाडीत चढे, बंदरावर जाई आणि तेथून जहाजाच्या पोटात बसून विलायतेस पोचे. १९३३ साली विशाखापट्टणचे बंदर खुले झाले, ते मुख्यतः मध्यप्रांतातल्या अशाच मालाला जवळचा समुद्र मिळावा म्हणून. तेव्हा आमच्या आजोबा-पणजोबांनी टोपलीने वाहिलेला दगड कितीतरी जहाजांच्या तळाशी पसरलेला होता, आणि त्या दगडाच्याही खाली ते पाणी होते, ज्याविषयी आम्ही बोलणार आहोत. दुसरे नाते याहून जवळचे आहे. वैनगंगेवर आणि बावनथडीवर आमच्या ढिवर बांधवांचा डोंगा चालतो. त्याच्याही बुडाशी पाणी असते. ते उपसायचा डबा ज्याने हातात धरला आहे, त्याला हा विषय नवा नाही.

जहाजाच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, सर्वांत खालच्या फळ्यांवर किंवा पत्र्यांवर जी खोलगट जागा असते तिला इंग्रजीत ‘बिल्ज’ म्हणतात. जहाजात कोठूनही शिरलेले पाणी अखेर तेथेच येते. लाटांचे तुषार, पावसाचे पाणी, मालातून पाझरलेला ओलावा, यंत्राचे तेल, आणि सांध्यांतून आत आलेला समुद्र, या सर्वांचा मुक्काम तोच. येथे एक गोष्ट मनात पक्की धरली पाहिजे. अजिबात न गळणारी नाव जवळपास कोठेच नसते. लाकडी नाव थोडी गळतेच. लोखंडी जहाजातही पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तेथे थेंबथेंब पाणी येऊ देण्याची पद्धत कित्येक वर्षे होती. म्हणून तळाशी पाणी आहे काय, हा प्रश्नच नव्हे. ते काल किती होते, आज किती आहे, आणि का वाढले, हा खरा प्रश्न होय.

भोक लहान असले म्हणजे धोका लहान, ही समजूतही चुकीची आहे. पाण्याच्या पातळीखाली तीन फुटांवर एक इंच व्यासाचे भोक पडले, तर दर मिनिटास सुमारे ७५ लिटर पाणी आत येते. तासाला साडेचार हजार लिटर. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर दर मिनिटाला एक धडधाकट माणूस नावेत चढून बसतो आणि उतरत नाही. डोंगा मग किती मिनिटे टिकेल, याचा हिशेब शाळेतले पोरही करील.

शिवाय आत आलेले पाणी स्वस्थ बसत नाही. पाण्याने अर्धी भरलेली परात दोन्ही हातांत धरून चालून पाहावे. परात किंचित कलली की सारे पाणी त्याच अंगाला धावते आणि तिला आणखी कलवते. जहाजाचे तेच होते. बांधून ठेवलेला माल जागचा हलत नाही. मोकळे पाणी मात्र नेहमी पडत्या बाजूला जाऊन मिळते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट लाटेच्या तडाख्याने कलली, घाबरलेले उतारू एका अंगाला गेले आणि बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. तेथे माणसांच्या लोंढ्याने जे केले, तेच काम तळातले मोकळे पाणी मुकाट्याने करीत असते. म्हणून जहाज पुरते भरल्यावरच बुडते असे नव्हे. पुष्कळदा ते थोड्या पाण्यानेच उलटते.

आता इतिहासाकडे वळू. आमच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अरबी मुलखात एके काळी नावा खिळ्यांनी जोडत नसत, नारळाच्या काथ्याने शिवीत असत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने होरमुझच्या अशा शिवलेल्या नावा पाहिल्या. त्यांना डांबर नसे, माशाचे तेल चोपडलेले असे. त्यांतून प्रवास करणे धोक्याचे, असा अभिप्राय त्याने लिहून ठेवला आहे. परंतु त्याच नावांनी शतकानुशतके हिंदी महासागराचा व्यापार चालवला, हेही तितकेच खरे. त्या गळत असतानाही पार पोचत, याचा अर्थ त्यांत कोणीतरी सतत पाणी उपशीत होते. त्या उपसणाऱ्याचे नाव प्रवासवर्णनांत सहसा सापडत नाही.

मात्र एका ग्रंथात त्याचे पद सापडते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘ऐन-इ-अकबरी’ लिहिली. तीत जहाजावरील माणसांचे प्रकार क्रमाने दिले आहेत. नाखुदा, मुअल्लिम, तांडेल, सारंग, भंडारी, कारकून, सुकाणू धरणारा, अशी ती यादी आहे. त्यात डोलकाठीवर चढून दूरवर पाहणारा ‘पंजरी’ आहे, आणि जहाजात झिरपलेले पाणी बाहेर टाकणारा ‘गुमती’ही आहे. आम्हाला या यादीचे फार मोल वाटते. एवढ्या मोठ्या बादशाहीचा दफ्तरदार जहाजाचा कारभार मांडताना तळातल्या माणसाला विसरला नाही. वर पंजरी क्षितिजाकडे पाहतो, खाली गुमती पाण्याकडे पाहतो. या दोन पहाऱ्यांमध्ये जहाज चालते. पुढच्या काळात पंजरीचा मान राहिला. गुमतीचे मात्र पदही गेले आणि नावही गेले.

मराठ्यांच्या आरमाराविषयी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जे प्रकरण आहे, ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आरमार सुरक्षित बंदरात आणून त्याची छावणी करावी, असा त्यात उपदेश आहे. नाव किनाऱ्यावर ओढली म्हणजे तिचे बूड उघडे पडते, सांधे तपासता येतात, कुजकी फळी बदलता येते. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे आहे, पण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून मालकाला राजी केल्यावाचून तोडू नयेत, असेही अमात्यांनी बजावले आहे. ज्यांच्या गडाच्या नावातच आंबा आहे, त्यांनी तरी हे लक्षात ठेवावे.

पुढे मुंबईच्या गोदीने या विद्येत जगभर नाव काढले. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेहून मुंबईस आले आणि १७५० साली तेथे दगडी सुकी गोदी तयार झाली. सुक्या गोदीचा मोठा उपयोग हाच, की पाणी काढून टाकले म्हणजे जहाजाचा तळ माणसाच्या डोळ्यांपुढे येतो. मुंबईचे सुतार सागवान वापरीत. सागवानात अंगचे तेल असते, त्यामुळे त्यातला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. विलायती ओक लाकडातल्या आम्लाने तो खाल्ला जातो. फळीची कड दुसऱ्या फळीच्या खाचेत बसवून मध्ये राळ, तेल आणि कापूस यांचा थर देत, म्हणजे सांधा घट्ट बसे. १८१७ साली मुंबईत पाण्यात लोटलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. दोनशे वर्षांनंतरही जी नाव पाण्यावर उभी आहे, तिचे श्रेय जितके सागवानाला तितकेच तिचे सांधे भरणाऱ्या बोटांना दिले पाहिजे.

लाकडी जहाजांवर तळातले पाणी मोजण्याचे काम बहुधा जहाजाच्या सुताराकडे असे. पद्धत अगदी साधी. वरच्या तक्तपोशीपासून तळापर्यंत एक उभी नळी असते. सुतार लोखंडी गज कोरडा पुसून त्याला खडू लावतो, दोरीने नळीत सोडतो, तळाला टेकला की वर काढतो. खडू जेथवर भिजला तेथवर पाणी. तो आकडा वहीत लिहायचा, आणि पुन्हा काही तासांनी हेच करायचे. सकाळी चार इंच, संध्याकाळी चार इंच. काही चिंता नाही. दुसऱ्या सकाळी सहा, दुपारी नऊ. म्हणजे कोठेतरी काहीतरी सुटले आहे. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, आदल्या आकड्याशी ताडून पाहिले म्हणजे तो बोलू लागतो. या कामाला विद्वत्ता लागत नाही. नेम लागतो, आणि जे दिसले तेच लिहिण्याची सचोटी लागते.

पण माप घेणे हा अर्धाच भाग झाला. माप घेणाऱ्याचे ऐकले जाते काय, हा दुसरा भाग. २९ ऑगस्ट १७८२ रोजी इंग्लंडच्या पोर्टस्मथ बंदराबाहेर ‘रॉयल जॉर्ज’ ही शंभर तोफांची युद्धनौका नांगरून उभी होती. पाण्याखालच्या एका नळाची दुरुस्ती करण्यासाठी तोफा सरकवून तिला मुद्दाम एका अंगावर कलवले होते. त्याच वेळी कललेल्या बाजूने सामानही चढत होते. खालच्या तोफांच्या खिडक्यांतून पाणी आत येऊ लागले. जहाजाच्या सुताराने ते पाहिले. तो वर गेला आणि पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला म्हणाला, जहाज सरळ केले पाहिजे. त्याला तुटक उत्तर मिळाले. तो खाली आला, पाहिले, पुन्हा वर गेला. पुन्हा तेच. अधिकाऱ्याने हुकूम सोडला तेव्हा वेळ निघून गेली होती. एका आरमारप्रमुखासह आठशेंहून अधिक माणसे, त्यांत खलाशांना भेटायला आलेली बायकामुलेही, बंदराच्या दारात बुडाली. मागाहून बसलेल्या लष्करी न्यायालयाने जहाजाची लाकडे कुजलेली होती असा निर्णय दिला. ते खरे असेल. परंतु एक सुतार दोनदा जिना चढला होता, हेही खरे आहे.

याच्या उलट प्रकारही इतिहासात आहे. ७ नोव्हेंबर १८७२ रोजी ‘मेरी सेलेस्ट’ हे शिडाचे जहाज मद्यार्काची पिंपे घेऊन न्यूयॉर्कहून इटलीतल्या जेनोआकडे निघाले. ४ डिसेंबर रोजी पोर्तुगालच्या पश्चिमेस ते दुसऱ्या जहाजाला दिसले, तेव्हा त्यावर कोणीही नव्हते. कप्तान, त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी, अशी दहा माणसे जहाज सोडून गेली होती. ती पुन्हा कोणाला दिसली नाहीत. लोकांनी त्यावर भुताखेतांच्या कथा रचल्या. आमच्या विषयाच्या दृष्टीने तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पाणी मोजायचा गज तक्तपोशीवर पडलेला होता, दोन पंपांपैकी एक उघडून ठेवलेला होता, आणि तळाशी साडेतीन फूट पाणी होते. एवढ्या मोठ्या जहाजाला एवढे पाणी जिवावर बेतणारे नव्हते. ज्यांना ते सापडले त्यांनी ते जिब्राल्टरपर्यंत हाकीत नेले. पंप तुंबल्यामुळे पाण्याचे माप चुकीचे कळले आणि जहाज बुडतेच आहे अशा समजुतीने कप्तानाने होडी सोडली, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर असे म्हणावे लागेल, की पाणी न मोजल्याने माणसे मरतात तशी चुकीचे मोजल्यानेही मरतात.

वाफेची जहाजे आली आणि तळाचे काम अधिक घाण व अधिक कष्टाचे झाले. भट्टीखान्यात कोळशाची भुकटी आणि राख उडे, ती तळात जाऊन पाण्यात कालवली जाई आणि पंपाच्या तोंडावरची जाळी बुजे. मग कोणीतरी त्या काळ्या चिखलात पालथे पडून हाताने जाळी साफ करायची. खनिज नेणाऱ्या जहाजात आणखी एक काळजी असते. खणाच्या तळाशी पाणी गोळा होण्यासाठी जे खड्डे ठेवलेले असतात त्यांच्या झाकणांवर गोणपाट अंथरावे लागते, म्हणजे पाणी झिरपेल पण दगडाचा चुरा आत जाणार नाही. ते गोणपाट नीट बसले नाही तर खड्डा भरतो, पंप ओढीत नाही, आणि हजारो टन दगडाखाली हात घालणार कोण? आमच्या चिखल्याचा दगड ज्या ज्या जहाजातून गेला, त्या प्रत्येकात हे गोणपाट अंथरणारे हात होते.

ते हात कोणाचे होते? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजी व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या वर हिंदी खलाशी होते. त्यांत रत्नागिरीकडचे आमचे कोकणी बांधव पुष्कळ. त्यांना ‘लस्कर’ म्हणत. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा त्यांना मिळे, निजायला जागाही कमी मिळे. नोकरी मिळे ती सारंगाच्या आणि दलालाच्या मर्जीने, आणि सुटताना वहीत वाईट शेरा पडला तर पुढचे जहाज मिळणे कठीण. अशा माणसाने वर जाऊन, साहेब, खाली पाणी वाढले आहे, असे सांगावे, ही अपेक्षा करणे सोपे आहे. सांगितले तर तुझाच हलगर्जीपणा म्हणून दंड. न सांगितले तर प्रथम मरण त्याचेच. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० हिंदी खलाशी प्राणास मुकले. पाणबुडीचा मारा पाण्याच्या पातळीखाली लागतो, आणि तेथेच भट्टीवाले व तेलवाले काम करीत असत.

युद्ध पेटताच १९३९ साली इंग्लंडच्या बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले. शेकडो तुरुंगात गेले, परंतु पगार वाढला. कामगार चळवळीच्या इतिहासात हा संप वेतनाचा म्हणून नोंदलेला आहे. आम्ही त्यात आणखी एक अर्थ पाहतो. ज्या माणसाला आपल्या पगाराबद्दल बोलता येत नाही, त्याला गळतीबद्दलही बोलता येत नाही. संघटना त्याला प्रथम आवाज देते. तो आवाज मग जहाजाच्याही कामी येतो.

हे केवळ गरीब देशांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जमच्या झेब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही मोटारी वाहणारी इंग्रजी बोट पुढची दारे उघडी ठेवूनच निघाली. मोटारींच्या मजल्यावर पाणी शिरले, मघाच्या परातीप्रमाणे एका अंगाला धावले, आणि थोड्याच वेळात बोट आडवी झाली. १९३ माणसे मेली. चौकशीत असे उघड झाले, की दारे बंद आहेत की उघडी हे दाखवणारा दिवा सुकाणूघरात बसवा, अशी मागणी बोटींच्या कप्तानांनीच यापूर्वी केली होती, आणि कचेरीतल्या वरिष्ठांनी ती थट्टेवारी नेली होती. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी सुताराला मिळाले तेच उत्तर येथे कप्तानाला मिळाले. त्यानंतर जहाज चालवणाऱ्या कंपनीच्या कचेरीलाही सुरक्षिततेसाठी जबाबदार धरणारे आंतरराष्ट्रीय नियम झाले आणि १९९८ पासून ते लागू होऊ लागले. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा करार २०१३ साली अंमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. जहाजावर तक्रार करणाऱ्या खलाशाचा छळ होऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कागदावर का होईना, गुमतीला बोलण्याचा हक्क मिळाला.

आमच्या स्वतःच्या किनाऱ्यावरचे उदाहरण हवे असेल तर २०११ चा पावसाळा आठवावा. त्या जूनच्या अखेरीस ‘पवित’ नावाचे मालवाहू जहाज ओमानकडील समुद्रात असताना त्याच्या यंत्रखोलीत पाणी शिरले. खलाशांनी ते सोडले. एका इंग्रजी युद्धनौकेने त्यांना वाचवले. जहाज बुडाले असे सर्वांनी धरले. परंतु ते बुडाले नाही. निर्मनुष्य अवस्थेत महिनाभर अरबी समुद्र तरंगत पार करून ३१ जुलै रोजी ते मुंबईत जुहूच्या वाळूवर येऊन टेकले. आणि त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्ट रोजी, त्याच मुंबईसमोर ‘रॅक’ नावाचे जहाज साठ हजार टन कोळशासह पाणी शिरून बुडाले. त्यावरच्या तीसही खलाशांना वाचवण्यात आले. एक जहाज बुडेल म्हणून सोडले ते तरले, दुसरे खरोखर बुडाले. किनाऱ्यावर उभे राहून पहिल्या जहाजाच्या खलाशांना नावे ठेवणे शोभत नाही. भर पावसाळ्यातल्या समुद्रात, यंत्र बंद पडलेले असताना, पायाखाली पाणी वाढत असता थांबायचे की निघायचे, हा निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो. त्या घटकेला त्याच्याजवळ खरे माप असणे, एवढाच त्याचा आधार.

आजच्या नावांत तरंगत्या खटक्याचा विजेचा पंप असतो. पाणी वाढले की खटका वर येतो, पंप आपोआप चालतो, पाणी जाते, पंप थांबतो. सोय मोठी आहे. तरी ती एका बाबतीत घातकही आहे. पंप पाणी काढतो, पण ते का आले हे विचारीत नाही. गळती रोज थोडी वाढत असली तरी तळ कोरडाच दिसतो, मालक निर्धास्त राहतो, आणि ज्या रात्री बॅटरी उतरते किंवा जाळीत चिंधी अडकते त्या रात्री नाव धक्क्याला बांधल्या जागी बुडते. म्हणून जाणते लोक पंप किती वेळा चालला हे मोजणारे यंत्र बसवतात, आणि पाणी ठराविक रेषेच्या वर गेल्यास घंटा वाजेल अशी व्यवस्था करतात. मोठ्या जहाजांच्या यंत्रखोलीत तर अशी घंटा आवश्यकच मानली आहे. तरीही कंदील घेऊन खाली वाकून पाहणाऱ्या माणसाची जागा घंटेने पुरती घेतलेली नाही. पाण्याला वास डिझेलचा येतो की समुद्राचा, ते गोडे आहे की खारे, हे जीभ व नाक असलेला माणूसच सांगतो. आणि गोडे असेल तर आपलीच टाकी फुटली, खारे असेल तर बाहेरचा समुद्र आत आला, एवढा मोठा भेद त्यातून कळतो.

आमचे सारे आयुष्य खाणकामगारांत गेले, म्हणून एक शब्द येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. कोळशाच्या खाणीत जो माणूस तळाशी साचलेले पाणी पंपाने वर काढतो, त्याच्या हुद्द्याचे नाव ‘पंप खलाशी’ असे आहे. समुद्राचा शब्द जमिनीच्या पोटात गेला, तो उगाच नव्हे. काम एकच आहे. आणि त्याचे न ऐकण्याची किंमतही एकच आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ कामगार मेले. त्या वेळी तो जिल्हा आणि आमचा भंडारा एकाच राज्यात होते. १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूरजवळच्या सिलेवाडा खाणीत पाण्याने दहा जणांचा बळी घेतला, आणि पुरते दीड महिने होण्याच्या आत, २७ डिसेंबर रोजी, धनबादकडील चासनाला खाणीत ३७५ जण बुडाले. जहाजात पाणी खालून येते, खाणीत ते पुष्कळदा बाजूच्या जुन्या, सोडून दिलेल्या पोकळीतून येते. भिंतीला ओल आली आहे, हे दोन्हीकडे प्रथम त्यालाच दिसते ज्याचा पगार सर्वांत कमी असतो.

आता आपल्या नदीकडे येऊ. गोसीखुर्द धरणामुळे भंडारा-पवनीकडे वैनगंगेचे पाणी पसरले आहे. जेथे पूर्वी उन्हाळ्यात पायउतार होता तेथे नाव लागते. शेतावर जाणाऱ्या मजूर बायका, शाळेची मुले, मासेमार, सारे डोंग्यावर बसतात. २३ जानेवारी २०२४ रोजी याच वैनगंगेत, खाली गडचिरोली जिल्ह्यातील गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. ती नाव गळतीने उलटली असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की रोजीसाठी नदी ओलांडणाऱ्या बाईला ज्या नावेत बसावे लागते, तिचे बूड कोणी कधी पालथे करून पाहिले, याची नोंद कोठेतरी असली पाहिजे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनयंत्राच्या नावांचीही नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी ठेवावी, अशी तरतूद झालेली आहे. म्हणजे हे काम दिल्ली-मुंबईचे नव्हे, ते आपल्या पंचायतीचे आहे.

त्याला खर्च फार नाही. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक डोंगा काठावर ओढून पालथा घालावा; सांधे डांबराने भरून घ्यावेत; आत दोन बाजूंना रंगाची एक रेघ मारावी, की पाणी या रेघेवर आले तर उतारू घ्यायचे नाहीत. डोंग्यात उपसायचा डबा दोरीने बांधलेला असावा. आणि नावाड्याने ‘आज नाव जाणार नाही’ म्हटले, तर त्या दिवसाची त्याची मजुरी बुडू नये, याची सोय गावाने करावी. या शेवटच्या अटीवाचून पहिल्या साऱ्या अटी व्यर्थ आहेत. कारण ज्याची चूल त्या फेरीवर पेटते, तो रेघेकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करील, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

अकबराच्या दफ्तरात गुमतीला एक ओळ मिळाली होती. आपल्या ग्रामपंचायतीच्या वहीत नावाड्याला आणि त्याच्या डोंग्याला एक पान मिळावे, एवढी मागणी घेऊन आपण घरी जावे. येत्या मृगापूर्वी ते पान भरले गेले आहे काय, हे विचारायला पंचायतीत चार माणसे गेली, तर ही व्याख्यानमाला वाया गेली नाही असे आम्ही समजू.